तिसऱ्या पेडलचा हिशेब

वडिलांची वस्तू जपायची म्हणजे ती जशीच्या तशी ठेवायची, की ती वापरात राहावी म्हणून काळाप्रमाणे तिच्यात फेरफार करायचा? आपल्या व्यापारी घरांत हा प्रश्न प्रत्येक पिढीत एकदा तरी उभा राहतो. गादी-तक्क्याची बैठक काढून काउंटर करावे का, लाल कापडी बांधणीच्या वहीजागी संगणक आणावा का, आजोबांची शिसवी पेटी तासून तिचे टेबल करावे का, अशा रूपांत तो येतो आणि बहुधा थोडी कुरबुर होऊन सुटतो. या महिन्यात त्याच प्रश्नाकडे एका सर्वस्वी वेगळ्या वस्तूच्या निमित्ताने पाहू. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील जुनी ‘मसल कार’. आणि फेरफार म्हणजे तिचे नूतनीकरण करताना मूळचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून त्या जागी हाताने गिअर टाकण्याचा गिअरबॉक्स बसवणे. ज्यांना यंत्रांत रस नाही त्या वाचकांनीही पान उलटू नये. भांडवल, मूल्यांकन, दस्तऐवज, वारसा आणि सचोटी ही आपल्या परिचयाची सारी खाती या एका व्यवहारात एकत्र आलेली आहेत.

मसल कार म्हणजे काय

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी जनरल मोटर्स या कंपनीत एक अंतर्गत नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. कंपनीच्या पॉन्टिॲक विभागाचे मुख्य अभियंते तेव्हा जॉन डेलोरियन होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नियमातील फट हेरली. नियम गाडीच्या मॉडेलला लागू होता. ग्राहकाने जादा पैसे देऊन निवडायच्या सामानाला नव्हता. त्यांनी १९६४ च्या ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या साध्यासुध्या गाडीवर ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन ‘जीटीओ’ नावाच्या जादा संचात देऊ केले. आपल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे होते. हे त्याच्या आठपट. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या.

मग स्पर्धकांनीही तीच वाट धरली. शेव्हरोलेची शेव्हेल, डॉजची चार्जर, प्लिमथची रोडरनर, फोर्डच्या मस्टँगची मोठ्या इंजिनाची रूपे, अशी रांगच लागली. दोन दारांची, तरुण नोकरदाराला हप्त्याने परवडेल अशी गाडी आणि तिच्या पोटात राक्षसी ताकदीचे इंजिन, एवढेच या जातीचे सूत्र. पण हा बहर दहा वर्षेही टिकला नाही. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते जबर वाढवले, १९७० मध्ये हवा स्वच्छ राखण्याचा कडक कायदा झाला, आणि १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले. आज तर पॉन्टिॲक हे नावही उरलेले नाही. जनरल मोटर्सने ते २०१० मध्ये बंद केले. मागे राहिल्या त्या गॅरेजांत, गोठ्यांत आणि भंगारवाड्यांत धूळ खात पडलेल्या गाड्या, आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणण्याचा अमेरिकन माणसाचा ध्यास.

दोन पेडल की तीन?

आपल्याला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे या दणकट गाड्यांपैकी पुष्कळशा मुळातच ऑटोमॅटिक होत्या. आपल्याकडे ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात मोटार शिकणे म्हणजेच क्लच आणि गिअर शिकणे. अमेरिकेत मात्र ओल्ड्समोबिलने १९४० च्या गाड्यांवर ‘हायड्रामॅटिक’ हा संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स देऊ केला होता. त्यामुळे १९६० च्या दशकापर्यंत क्लचशिवाय गाडी चालवणारी एक पिढीच तयार झाली होती. जीटीओच्या ग्राहकापुढे तीन पर्याय असत. तीन गिअरचा साधा गिअरबॉक्स किमतीतच मिळे. चार गिअरचा किंवा ऑटोमॅटिक हवा असेल तर जादा पैसे मोजावे लागत. रोज कामावर जाणारा, बायकामुलांना घेऊन फिरणारा माणूस स्वाभाविकपणे ऑटोमॅटिक घेई.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत क्लच असलेल्या गाड्या शंभरात एक-दोनच निघतात. ती विरळ झाली म्हणूनच हाताने गिअर टाकण्याची हौस मोलाची ठरली. कारखान्यातून चार गिअरसह निघालेल्या मसल कारला तशाच ऑटोमॅटिकपेक्षा बहुधा चढी किंमत मिळते. साहजिकच ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाच्या मनात येते, की नाहीतरी गाडी नट-बोल्टपर्यंत सुटी केलेलीच आहे, मग तिसरे पेडल आत्ताच का बसवू नये?

वेळ निवडण्याच्या दृष्टीने हा विचार योग्यच आहे. इंजिन बाहेर आहे, गालिचे व आसने काढलेली आहेत, डॅशबोर्ड उघडा आहे. पुढे पुन्हा एवढी मोकळीक मिळणार नाही. परंतु काम नुसते एक डबा काढून दुसरा बसवण्याचे नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

एका बदलामागून दुसरा

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या बंद भांड्यात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. इंजिन एक पंखा फिरवते, त्याने ढकललेले तेल दुसरा फिरवते. तो गेला की त्याच्या जागी फ्लायव्हील, क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट येतात. ऑटोमॅटिकच्या इंजिनामागे पातळ पत्र्याची चकती असते, तर क्लचला जड फ्लायव्हील लागते. काही इंजिनांचा समतोल या चकतीवरील वजनावर अवलंबून असतो. तेथे फ्लायव्हील त्याच मापाच्या वजनाचे हवे, नाहीतर सारी गाडी थरथरते.

पुढची अडचण क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला असते. गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक जेथे टेकते, तेथे एक छोटे पायलट बेअरिंग बसवावे लागते. क्रायस्लरच्या कित्येक आणि पॉन्टिॲकच्या काही इंजिनांत, गाडी ऑटोमॅटिकच होणार म्हणून, कारखान्याने ते भोक पुरते खोदलेलेच नसते. इंजिन बांधून झाल्यावर हे ध्यानात आले तर केलेले सर्व काम उलगडावे लागते. म्हणून जाणकार कारागीर पहिल्या दिवशीच क्रँकशाफ्ट उलटा करून पाहतो.

त्यानंतर बेलहाउसिंग, म्हणजे क्लचवरील घंटेच्या आकाराचे आवरण. जीटीओच्या ऑटोमॅटिकमध्ये हे आवरण गिअरबॉक्सशी एकसंध ओतलेले असते, त्यामुळे क्लचसाठी स्वतंत्र बेलहाउसिंग मिळवावे लागते. त्याचे मधले भोक आणि क्रँकशाफ्टचा अक्ष एका रेषेत यायला हवेत. डायल गेज लावून इंजिन हळूहळू फिरवायचे. काटा एकंदर एका इंचाच्या हजार भागांपैकी पाच भागांहून अधिक हलता कामा नये. हलला तर थोड्या तिरकस घडणीच्या खुंट्या वापरून आवरण सरकवतात. हे मोजमाप कंटाळवाणे असल्याने टाळले जाते आणि मग हजार मैलांत गिअर अडकू लागतात, बेअरिंग ओरडू लागते. ज्यांना गाडी जोरात पळवायची आहे ते ओतीव धातूऐवजी पोलादी बेलहाउसिंग घेतात. वेगाने फिरणारे फ्लायव्हील फुटले तर तुकडे चालकाच्या पायांपर्यंत येऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू.

मग क्रमाने इतर गोष्टी येतात. ऑटोमॅटिकचे रुंद ब्रेक पेडल काढून अरुंद ब्रेक आणि शेजारी क्लच अशी जोडी डॅशबोर्डखाली बसवायची. पायाचा दाब क्लचपर्यंत नेण्यासाठी इंजिनाच्या कडेला आडवी फिरती दांडी, किंवा तिच्याऐवजी हायड्रॉलिक नळी. गाडीच्या तळातील मधल्या उंचवट्याला गिअर लिव्हरसाठी भोक. क्रायस्लरच्या काही गाड्यांत तर तेथला पत्रा कापून नवा फुगवटा वेल्डिंगने जोडावा लागतो. गिअरबॉक्सला खालून तोलणारी आडवी पट्टी पुढेमागे सरकते. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, म्हणून गिअरबॉक्स बसल्यावरच माप घ्यावे. अंदाजाने आधी कापून आणू नये. स्पीडोमीटरचे दाते बदलतात. रिव्हर्सच्या दिव्याचे बटण नव्या जागी जाते. ऑटोमॅटिकमध्ये गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ न देणारा एक स्विच असतो. तो काढून नुसत्या तारा जोडून देणे सोपे आहे, पण धोक्याचे आहे. क्लच दाबल्यावरच इंजिन सुरू होईल असा स्विच लावणे हाच योग्य मार्ग.

गुणोत्तरांचे गणित

वाणिज्य शाखेच्या माणसाला मोटारीत सर्वांत जवळचे काय वाटावे, तर गिअरची गुणोत्तरे. तो शुद्ध त्रैराशिकाचा विषय आहे आणि बहुतेकांची फसगतही येथेच होते.

जनरल मोटर्सचा ‘टर्बो हायड्रामॅटिक ४००’ हा त्या काळचा नावाजलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.४८. इंडियाना राज्यातील मन्सी येथे तयार होणारा, त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा चार गिअरचा गिअरबॉक्स दोन प्रमाणांत मिळे. त्यातील रुंद प्रमाणाच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५२. वरवर पाहता दोन्ही सारखेच. पण टॉर्क कन्व्हर्टर गाडी हलतानाच्या क्षणी इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करून पुढे देतो. क्लच असे काही करीत नाही. आता मागच्या आसाचे गुणोत्तर २.९३ धरा. ऑटोमॅटिकमध्ये २.४८ गुणिले २.९३ म्हणजे ७.२७, आणि कन्व्हर्टरमुळे हलण्याच्या क्षणी सुमारे साडेचौदा. क्लचच्या गाडीत मात्र २.५२ गुणिले २.९३ म्हणजे ७.३८, आणि तेवढेच. परिणाम असा, की हजारो डॉलर खर्चून बदललेली गाडी सिग्नलवरून निघताना पूर्वीपेक्षा मंद वाटते आणि क्लच जळण्याचा वास येऊ लागतो.

उपाय म्हणून मागच्या आसाचे दाते ३.५५ चे करावे, तर सुरुवातीचे गुणोत्तर ८.९५ होते आणि गाडी चटकन हलते. पण त्याचे मोल महामार्गावर मोजावे लागते. २७ इंच व्यासाचे टायर धरले तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,७५० फेरे घेते. आवाज, उष्णता आणि पेट्रोल तिन्ही वाढतात. येथे आजचा पाच गिअरचा गिअरबॉक्स कामास येतो. मेक्सिकोतील केरेतारो येथे कारखाना असलेली ट्रेमेक ही कंपनी जुन्या गाड्यांसाठी तो बनवते. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.६८ धरले तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे १,८७० वर येतात. म्हणजे निघताना जोर आणि प्रवासात शांतता, दोन्ही साधते. मात्र ही सोय १९६८ च्या गाडीत १९६८ ची नसते. शिवाय क्लच, बेलहाउसिंग, पेडल यांसह पूर्ण संचाला मजुरी सोडून पाच ते सात हजार डॉलर सहज लागतात.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. त्या काळचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुबळे मुळीच नव्हते. क्रायस्लरचा ‘टॉर्कफ्लाइट’ आणि वर सांगितलेला ‘४००’ शर्यतीच्या सरळ पट्टीवर सामान्य चालकाच्या हातीही दर वेळी सारखाच वेग देत. तेव्हा बदल करावा तो चालवण्याच्या आनंदासाठी. वेगासाठी केला तर निराशाच पदरी पडण्याचा संभव अधिक.

खर्च म्हणजे किंमत नव्हे

बँकेत तारण मालमत्तेचे मूल्यांकन वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. तेथे वारंवार दिसणारी गोष्ट अशी, की मालकाने मालमत्तेवर केलेला खर्च आणि त्या खर्चाने वाढलेले मूल्य यांचा मेळ क्वचितच बसतो. जुन्या मोटारींच्या बाजारात तर हे अंतर अधिकच ठळक असते. कारखान्यातून चार गिअरसह निघालेल्या गाडीला मिळणारी जादा किंमत ही तिच्या जन्माची किंमत असते. नंतर बसवलेल्या गिअरबॉक्सला ती मिळत नाही. उलट मूळ इंजिन व मूळ गिअरबॉक्स शाबूत असलेली गाडी बदलली, तर संग्राहक ग्राहक मागे सरतो. ज्या गाडीचे मूळ भाग पूर्वीच हरवले आहेत, तिच्यात बदल करण्याने गमावण्यासारखे फारसे नसते.

अस्सलपणाला बाजार काय देतो, याचे एक गाजलेले उदाहरण आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅकक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने सहा हजार डॉलरना विकत घेतली आणि चक्क घरच्या कामासाठी वापरली. १९७७ मध्ये खुद्द मॅकक्वीन यांनी पत्र पाठवून ती परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीवर गेली. तिला नवा रंगसुद्धा दिलेला नव्हता. चित्रीकरणासाठी केलेले बदल आणि वापराच्या खुणा तशाच होत्या. तिचे मोल त्या खुणांत आणि त्या पत्रासारख्या कागदांत होते.

कागद बोलतात

या क्षेत्रात मला सर्वांत अधिक आदर वाटला तो दस्तऐवजांच्या शिस्तीबद्दल. १९६८ च्या सुमारापासून गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भाग इंजिनावर व गिअरबॉक्सवरही ठोकला जाऊ लागला. हे क्रमांक जुळले तर भाग मूळचे. पॉन्टिॲकच्या इंजिनावर दोन अक्षरांची एक खूणही असते. तिच्यावरून ते इंजिन क्लचच्या गाडीसाठी बांधले की ऑटोमॅटिकसाठी, हे कळते. क्रायस्लरच्या गाड्यांत बॉनेटखालील लहान पट्टीवर गिअरबॉक्सचा संकेत ठोकलेला असतो. फोर्डच्या १९६७ नंतरच्या गाड्यांची माहिती कारखान्याच्या नोंदींवरून देणारा ‘मार्टी रिपोर्ट’ मिळतो. पॉन्टिॲकच्या बाबतीत तर ‘पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ ही संस्था कंपनीच्या मूळ बिलाची प्रत काढून देते. विक्रेत्याला गाडी पाठवताना फाडलेले बिल, त्यावर प्रत्येक जादा वस्तूचा संकेत आणि दर. अर्धे शतक उलटले तरी रोजमेळाची ओळ सापडते आणि ती साक्ष देते.

म्हणूनच बदललेली गाडी ‘मूळची चार गिअरची’ म्हणून विकणे हा खोटा व्यवहार ठरतो. तो आज ना उद्या उघडा पडतोच. दुसऱ्या गाडीतून आणलेल्या मन्सी गिअरबॉक्सवर त्या दुसऱ्या गाडीचा क्रमांक असतो. तो घासून आपल्या गाडीचा ठोकण्याचा मोह काहींना होतो. गाडीचा ओळख क्रमांक खोडणे वा बदलणे हा तेथे फेडरल कायद्याने गुन्हा आहे. आणि कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी, ज्या बाजारात किंमत विश्वासावर ठरते तेथे खोटी खूण म्हणजे खोटे वजनच.

एका घरातील निर्णय

माझी कन्या व जावई मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतात. त्या भागातील वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो. मी तेथे असताना शेजारचे एक निवृत्त गृहस्थ १९६८ ची जीटीओ सुटी करून बसले होते. ४०० घनइंचांचे इंजिन, ‘टर्बो हायड्रामॅटिक’, आणि गिअर स्टीअरिंगवरील दांडीने. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. मागे ती या गृहस्थांच्या आणि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या समाईक नावावर आली. नातवाला ती हाताने गिअर टाकण्याची हवी होती. मी बँकेतला माणूस हे कळल्यावर त्यांनी खर्चाचा तक्ता माझ्यापुढे ठेवला.

आकडे सरळ होते. बदलात पैसा परत येणार नव्हता. गाडीचे इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही मूळचे, क्रमांक जुळणारे. केवळ हिशेबाने पाहिले तर ‘करू नका’ हेच उत्तर. मी ते सांगितलेही. पण खरा पेच तक्त्यात नव्हता. बहिणीचा विरोध पैशासाठी नव्हता. त्यांच्या आईचा डावा पाय लहानपणी पोलिओने अधू झालेला. तिला क्लच दाबता येत नसे. वडिलांना स्वतःला चार गिअरची गाडी फार आवडे; तरी बायकोला चालवता यावी म्हणून त्यांनी जादा पैसे भरून ऑटोमॅटिक घेतली. बिलाच्या प्रतीवरील एका संकेतामागे एवढी गोष्ट होती. बहिणीचे म्हणणे, ‘तो गिअरबॉक्स काढला तर गाडीतून आईच काढल्यासारखे होईल.’

भाऊ दोन दिवस गप्प राहिले. मग त्यांनी दिलेले उत्तर मला विचार करायला लावणारे वाटले. ‘वडिलांनी आपली आवड बाजूला ठेवून, जो चालवणार त्याच्यासाठी गाडी घेतली. आता चालवणारा नातू आहे. गाडी चालवणाऱ्याच्या सोयीची असावी, हीच त्यांची रीत होती.’ एकाला वडिलांची वस्तू राखायची होती, दुसऱ्याला वडिलांचे वागणे. दोघेही खरेच बोलत होते.

अखेर बहीण राजी झाली, पण अटींवर, आणि त्या अटी मी पाहिलेल्या कित्येक करारांहून शहाण्या होत्या. मूळ गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, स्टीअरिंगचा दांडा, रुंद ब्रेक पेडल, सर्व तेल लावून, गुंडाळून, चिठ्ठ्या लावून एका पेटीत ठेवायचे. पेटी विकायची नाही, आणि गाडी कधी विकली तर पेटी गाडीबरोबरच जाईल. पत्रा कापायचा तो गिअर लिव्हरपुरताच, आणि कापलेला तुकडाही पेटीत. गिअरबॉक्स नवा, पाच गिअरचा, म्हणजे तो मूळचा असल्याचा भास कोणालाच होऊ नये. शेवटी, केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद बिलाच्या प्रतीला जोडायची, आणि आईसाठी ऑटोमॅटिक घेतली होती हे त्या नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहायचे. ती ओळ बहिणीने स्वतःच्या हाताने लिहिली.

आपल्या खात्यावर

या साऱ्यातून आपल्या घरांना उपयोगी पडेल असे थोडे सांगतो.

वडिलोपार्जित वस्तूत बदल करण्यापूर्वी तो परत फिरवता येईल का, हे प्रथम विचारावे. बोल्टने जोडलेले सोडवता येते. कापलेले, तासलेले, वितळवलेले परत येत नाही. आजीच्या जुन्या घडणीच्या पाटल्या मोडून नव्या घडणीच्या करताना सोन्याचे वजन तेवढेच राहते, घडण मात्र कायमची जाते. पुष्कळदा तेही योग्य असते, पण ते समजून-उमजून व्हावे.

दुसरे, बदलाचा खर्च हौसेच्या खात्यावर लिहावा, गुंतवणुकीच्या नव्हे. हौस वाईट नाही. स्वतःच्या मिळकतीतून, कर्ज न काढता केलेली हौस माणसाला ताजी ठेवते. पण ‘पुढे किंमत येईल’ अशी स्वतःची समजूत घालून केलेला खर्च पुढच्या पिढीत वादाचे कारण होतो.

तिसरे, वस्तू समाईक असेल तर समाईक मालकांना विचारावे, आणि विचारताना ‘कशासाठी नको’ हेही ऐकून घ्यावे. नकारामागे बहुधा पैसा नसतो, आठवण असते. तिला किंमत देता येत नाही, पण जागा देता येते. वरच्या प्रकरणात ती जागा एका पेटीत आणि कागदावरील एका ओळीत सापडली.

आणि शेवटचे, लिहून ठेवावे. आपल्या पेढ्यांतील जुन्या वह्या उघडल्या तर पै-पैचा हिशेब मिळतो. पण जागा का बदलली, भागीदारी का मोडली, दुकानाला अमुक नाव का दिले, याचा एक शब्द सापडत नाही. आकडे राहिले, कारणे गेली. पुढच्या पिढीने आपल्या वस्तूंत बदल करू नये असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र जे बदलायचे ते मुळात तसे का होते, हे तिला कळवणे आपल्या हाती आहे. घरात जी एखादी जुनी वस्तू आहे, तिच्याविषयी चार ओळी या दिवाळीपूर्वी लिहून तिच्याजवळ ठेवाव्यात. त्यासाठी मेकॅनिकही लागत नाही आणि डॉलरही लागत नाहीत.